कॅलेंडरवरची खूण

या घरात कॅलेंडरवर खूण करायला बंदी होती. दातांच्या डॉक्टरची तारीख असो, मुलांची परीक्षा असो, गॅसवाल्याचा वार असो, सगळं चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवायचं. कॅलेंडर मात्र कोरं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आजोबांनी एका तारखेभोवती गोल काढला होता. प्रभू येशू त्या दिवशी परत येणार असं छातीठोकपणे सांगितलं, घरातलं होतं नव्हतं ते वाटून टाकलं आणि सगळ्या कुटुंबाला धुतलेले पांढरे कपडे घालून गच्चीवर बसवलं. प्रभू आला नाही. सकाळी दूधवाला आला, आणि त्यानं खालून हाक मारून विचारलं की आज किती द्यायचं. तेव्हापासून गल्लीत या घराला ‘गच्चीवाले’ म्हणतात. शाळेत नाव घालताना असो की लग्नाच्या बोलण्यात, हे नाव यांच्या आधी तिथं जाऊन बसलेलं असतं.

म्हणून थोरल्याला खाली दुकानातल्या कॅलेंडरवर, बरोबर या रविवारभोवती, निळ्या शाईचा गोल दिसला तेव्हा त्याच्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकली नाही, चांगली ओरडली.

थोरला लिफ्ट तपासायच्या खात्यात होता. सगळं ठीक आहे असं म्हणणाऱ्या माणसावर आधी संशय घ्यायचा, हे त्याला नोकरीनं शिकवलं होतं. आणि बाबांच्या बाबतीत संशयाला जागाच जागा होती. बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान घराच्या खालीच. दीड वर्षात तिथून सहा मशिनी गेल्या होत्या. बाबांनी स्वतः महिनोन्महिने खपून, सुटे भाग शोधून नव्यासारख्या केलेल्या जुन्या मशिनी. पावती नाही, गिऱ्हाईक नाही. विचारलं की बाबा म्हणायचे, “गेली तिच्या घरी.” त्यात कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये नवा उपदेशक आला होता. भिंतभर तक्ते लावून शेवटच्या काळाच्या खुणा समजावून सांगायचा. त्याच्या घरी बाबांच्या चकरा सुरू झाल्या. एकदा नाही, सात वेळा. थोरल्यानं मोजल्या होत्या.

मशिनी वाटून टाकायच्या, तक्तेवाल्या माणसाकडे जायचं, आणि तारखेभोवती गोल. दोन पिढ्यांपूर्वीचंच सगळं, फक्त शाईचा रंग वेगळा.

त्यानं धाकट्या बहिणीला फोन केला, आत्याला केला. ठरलं असं: रविवारी उपासना झाली की सगळ्यांनी जेवायला जमायचं. बाबांना क्षणभर एकटं सोडायचं नाही. गच्चीचं दार बंद. आणि जेवण झाल्यावर दुकानाची किल्ली काढून घ्यायची. नवं कुलूप थोरल्याच्या पिशवीत होतं.

“किल्ली घेतली तर काय उरेल त्यांच्याकडे?” त्याच्या बायकोनं सकाळी विचारलं होतं.

“अब्रू,” थोरला म्हणाला होता.

जेवायच्या टेबलावर बाबांनी प्रार्थना केली. अन्नासाठी आभार, जमलेल्यांसाठी आभार, आणि शेवटी रोजच्यासारखं, “आणि प्रभू, लवकर ये.” सगळे आमेन म्हणाले. आत्याचे ओठ मिटलेले होते. आत्या नेमानं उपासनेला जायची, गाणी म्हणायची, आजारी माणसाच्या घरी सूप पोचवायची. पण प्रभूच्या येण्याची गोष्ट निघाली की तिच्या तोंडाला कुलूप. या घरात ‘उद्या’ म्हटलं की पाठोपाठ ‘प्रभूनं उशीर केला तर’ असं म्हणायची रीत होती. उद्या भाजी आणतो, प्रभूनं उशीर केला तर. नातवंडं तर गृहपाठासाठीही ते वापरायची, आणि प्रभूनं उशीर करू नये अशी मनापासून इच्छा धरायची. आत्यानं चव्वेचाळीस वर्षांत एकदाही ते म्हटलं नव्हतं.

धाकटी रुग्णालयात परिचारिका. तिला वेगळीच भीती होती. तिनं बाबांच्या ताटात भात वाढता वाढता सहज विचारल्यासारखं केलं.

“बाबा, आज वार कोणता?”

“रविवार. उपासनेत माझ्या शेजारी बसून पेंगत होतीस ना?”

“शंभरातून सात गेले?”

“त्र्याण्णव. मग शहाऐंशी. मग एकोणऐंशी.” बाबांनी तिच्याकडे बघितलं. “अजून खाली जाऊ, की जेवू?”

आत्याला हसू आलं, ते तिनं पाण्याच्या पेल्यात लपवलं.

“तुम्ही सगळे माझ्याकडे लिफ्टची दोरी तपासल्यासारखं का बघताय?” बाबा म्हणाले. “आणि बेबी, तू आज कशी? तू कधी रविवारची येत नाहीस.”

आत्या पासष्ट वर्षांची होती, पण भावाच्या लेखी बेबीच.

“का रे दादा? आज येऊ नये असं काही आहे का?”

बाबांचा घास हातातच थांबला. थोरल्यानं ते पाहिलं, धाकटीनं पाहिलं, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“उलट बरं झालं,” बाबा म्हणाले, आणि मान खाली घालून जेवू लागले.

सूनबाई भांडी आवरायला स्वयंपाकघरात गेली, आणि तिच्या मागोमाग तिघंही आले तेव्हाच तिनं ओळखलं की आता आपली पाळी. बाबा बाहेर खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

“टॅक्सीवाला म्हणाला, मशीन पोचवायला बाबांबरोबर तू होतीस,” थोरला म्हणाला. आवाज खाली, पण धार होती.

“होते.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कुठं? तू तपास केलास.”

“हे बघ पोरी,” आत्या म्हणाली, “तू नंतर आलीस या घरात. गच्चीचं तू फक्त ऐकलंयस. मी तिथं बसले होते. एकवीस वर्षांची. माझी स्वतःची मशीन होती. दोन वर्षं लोकांच्या शर्टांना काजं-बटणं करून घेतलेली. दुरुस्तीला म्हणून खाली दुकानात ठेवली आणि कामाला गेले. परत येते तर जागा रिकामी. अण्णांनी, तुझ्या नवऱ्याच्या आजोबांनी, देऊन टाकलेली. कुणाला, ते त्यांनी सांगितलंसुद्धा नाही. म्हणे प्रभू येणार, आता शिवायचंय कुणाला? तर तू यात सामील असशील ना, तर आत्ताच सांग.”

सुनेच्या हातातला पेला विसळून झाला होता, तरी ती विसळत राहिली. तिनं बाबांना शब्द दिला होता. पण नवरा आपल्याला चोर समजतोय हे तिला आता सहन होईना. तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला.

“वहिनी, सांग ना,” धाकटी हळूच म्हणाली. “मी तुझ्या बाजूनं आहे.”

“पाच मिनिटांपूर्वी नव्हतीस,” सून म्हणाली. मग तिनं पदराला हात पुसले. “त्या दिवशी आजोबांनी फक्त घरातलं नाही दिलं. दुकानात गिऱ्हाइकांच्या मशिनी होत्या दुरुस्तीला आलेल्या. त्यापण वाटून टाकल्या. लोकांच्या वस्तू, ज्या द्यायचा त्यांना अधिकारच नव्हता. पाच बायकांच्या पाच मशिनी. बाबांनी तेव्हा मशिनींना बांधलेल्या चिठ्ठ्या काढून डब्यात ठेवल्या होत्या. नाव, पत्ता, काय बिघडलंय ते. मूळ मशिनी कुठं गेल्या कुणास ठाऊक. म्हणून बाबांनी तसल्याच दुसऱ्या पाच तयार केल्या आणि एकेक नेऊन दिली.”

नळ टपकत होता.

“घेतल्या त्यांनी?” धाकटीनं विचारलं.

“दोघी वारल्यात, त्यांच्या मुलींना दिल्या. एक बाई म्हणाली, मी कधीच विसरले होते. एकीनं दार लावून घेतलं. बाबा मशीन पायरीवर ठेवून पाऊण तास समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. शेवटी तिनं दार उघडून आत ओढली.”

धाकटीनं सुस्कारा सोडला. “म्हणजे बाबांचं डोकं ठिकाणावर आहे.”

“आपल्यातलं कुणाचं नाही तितकं,” सून म्हणाली.

थोरला मात्र बोटांवर मोजत होता. “पाच चिठ्ठ्या. गेल्या सहा. सहावी कुठं?”

“त्या उपदेशकाच्या आईला. पण त्या बाईची चिठ्ठी नव्हती डब्यात. आणि येताना बाबांनी तिच्याकडून एक जुनी मशीन परत आणली. कुणाची, का, काही सांगत नाहीत. म्हणाले, ही माझी मलाच पोचवायचीय.” हे शब्द बोलताना तिलाच ते कसेतरी वाटले. “आणि आजच्या गोलाचं मला खरंच माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, त्या दिवसानंतर मला काळजी नाही.”

“ऐकलंत?” थोरला म्हणाला. “त्या दिवसानंतर!”

आपण इतके महिने ओझी उचलली ती नक्की कशासाठी, असं पहिल्यांदाच सुनेच्या मनात आलं. तेवढ्यात खालून लोखंडी शटर वर गेल्याचा आवाज आला.

पाळतीवर जमलेले चौघंही स्वयंपाकघरात उभे होते, आणि बाहेरची खुर्ची रिकामी.

आत्या जिन्यात सगळ्यांच्या पुढं होती. शेवटच्या पायरीवर ती थबकली, कारण चव्वेचाळीस वर्षांत तिनं या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. येताना शटरकडे न बघता ती थेट जिना चढायची. पण मागून थोरला घाईनं येत होता, त्याच्या पिशवीतलं कुलूप कठड्यावर आपटत होतं, आणि माघार घ्यायला जागा नव्हती. ती आत गेली.

तेलाचा तोच वास. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पट्टे, बाटल्यांतून सुया, बॉबिनांचा डबा. बाबा मधोमध उभे होते, आणि त्यांच्यापुढच्या टेबलावर चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं.

“बाबा, बाजूला व्हा,” थोरला म्हणाला. “आणि किल्ली द्या.”

“देतो. आधी बेबीला बघू दे.” बाबांचा आवाज बसला होता. “मीच वर आणणार होतो. पण आता उचलत नाही.”

थोरल्यानं चादर ओढली.

काळी, हातानं फिरवायची मशीन. लाकडी बैठकीच्या उजव्या कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग, बदामी, टोकदार. आत्यानं तो स्वतः पाडला होता, मशीन घेतली त्याच आठवड्यात, आणि दोन दिवस रडली होती. तिनं हात पुढं केला, पण डागाला बोट लावलं नाही.

“त्या उपदेशकाच्या आईकडे होती,” बाबा म्हणाले. “एवढी वर्षं. तिनं हिच्यावर तीन मुलं वाढवली. सोडायला तयार नव्हती. सात वेळा गेलो, तेव्हा बदल्यात दुसरी घेतली.”

आत्याचं मन निवत चाललं होतं, पण तिथंच तिला काहीतरी खटकलं. तीस वर्षं तिनं शर्टाच्या कारखान्यात कॉलरी तपासल्या होत्या. सरळ दिसणाऱ्या शिवणीत चुकलेला एक टाका तिला लांबून दिसायचा.

“दादा, तुला कसं ठाऊक ती तिच्याकडे होती? अण्णांनी तर कुणालाच सांगितलं नाही.”

बाबांनी खिशातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. दोरा अजून तिच्या भोकात होता. अक्षर आत्याचंच, एकवीस वर्षांच्या मुलीचं: दोरा तुटतो. लवकर हवी.

“कारण अण्णांनी दिली नव्हती,” ते म्हणाले. “मी दिली.”

आत्यानं चिठ्ठीवरचं स्वतःचं अक्षर पुन्हा वाचलं.

“अण्णांनी मला बजावलं होतं, बेबीच्या मशीनला हात लावायचा नाही, तिच्या कष्टाची आहे. पण मला वाटलं अण्णांचा विश्वास कमी पडतोय. एक वस्तू मागं ठेवली तर प्रभू आपल्यालाच मागं ठेवील, अशी भीती बसली होती माझ्या मनात. तू कामावर होतीस. मी उचलली, आणि त्या बाईच्या दारात ठेवून आलो. मोठा पराक्रम केल्यासारखा.”

“आणि अण्णा?”

“तू अण्णांवर ओरडत होतीस तेव्हा मी जिन्यात उभा होतो. रात्री त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, तारीख माझी होती, म्हणून जे गेलं ते मीच दिलं. तू गप्प राहा.” बाबांनी डोळे पुसले नाहीत. “मी गप्प राहिलो. मला ते सोयीचं होतं, बेबी.”

“मी तीन वर्षं बोलले नाही त्यांच्याशी.” आत्याचा आवाज इतका हळू होता की धाकटीला पुढं वाकावं लागलं. “ते गेले त्या दुपारी तू निरोप पाठवलास, बेबीला बोलवताहेत म्हणून. मी उलट निरोप दिला, कारखान्यातली पाळी सुटल्याशिवाय येता येणार नाही. येता येत होतं. मी मुद्दाम नाही आले. मी कॉलरी तपासत होते, दादा. अण्णा मरत होते आणि मी कॉलरी तपासत होते.”

“माहीत आहे.”

“तुला माहीत होतं, आणि तू दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसून गाणी म्हणत होतास!”

धाकटीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आत्यानं तो झटकला. सूनबाई दारापाशी भिंतीला टेकून उभी होती, आणि थोरला, ज्याला प्रत्येक गोष्टीतला दोष आधी दिसायचा, तो हातातल्या पिशवीकडे बघत राहिला. त्याला हवा होता तो गुन्हा सापडला होता, पण तो पकडायला कुलूप उपयोगी नव्हतं.

“मग ही खूण?” शेवटी त्यानंच विचारलं. “बाबा, आजच का?”

बाबांनी कॅलेंडरकडे पाहिलं. “अण्णांची चूक मला इतकी पाठ झाली होती, की मी कधीच कशाची तारीख ठरवली नाही. प्रभू कधीही येईल, तयार राहा, हे तुम्हा सगळ्यांना रोज सांगायचो. आणि हिच्याशी बोलायचं मात्र रोज पुढं ढकलायचो. आज तिला बरं नाही, आज पाऊस आहे, आज रविवार आहे. त्याच्या येण्याची तारीख कुणाला ठरवता येत नाही रे. पण मला माझी ठरवावी लागली. नाहीतर तो आला असता आणि मी जिन्यातच उभा सापडलो असतो.” ते थोरल्याकडे वळले. “आज जेवण झालं की तिच्या घरी जाणार होतो. तुम्ही पाळतीवर बसलात म्हणून निघता येईना.”

कुणाला हसू आलं असेल तर ते कुणी बाहेर येऊ दिलं नाही.

आत्यानं स्टूल ओढलं. ती बसली. डब्यातून काळ्या दोऱ्याचं रीळ घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे बारीक करून सुईत दोरा ओवला. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा गेला. कुणी मदतीला पुढं येण्याची हिंमत केली नाही. तिनं बाबांच्या चादरीचं टोक सुईखाली धरलं आणि चाक फिरवलं. मशीन चालली. टाके पडत गेले, एक बोट, एक वीत, चादरीच्या काठापर्यंत. दोरा तुटला नाही. काठाशी पोचल्यावर तिचे हात थांबले, आणि ती चादरीत तोंड खुपसून रडली, मोठ्यानं, आजूबाजूला कोण आहे याची पर्वा न करता. बाबा तिच्याजवळ गेले नाहीत. त्यांना तेवढी जाण होती.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं आणि शिवण उजेडात धरून पाहिली.

“डावीकडं ओढतेय.”

“हो,” बाबा म्हणाले. “कापड पुढं सरकवणारी दातांची पट्टी झिजलीय.”

“मग अर्धवट काम आणून देणार होतास मला?” ती उठली. “मी तुला माफ केलं असं आज म्हणणार नाही, दादा. ते खोटं होईल. आणि खोटं या घरात पुष्कळ झालंय.”

“नको म्हणूस.”

तिनं थोरल्याच्या पिशवीवर बोट रोखलं. “आणि ते कुलूप ने परत. किल्ली त्याच्याकडेच राहू दे. माझी मशीन अजून दुरुस्त व्हायचीय.”

थोरल्यानं मान डोलावली. सूनबाईनं पुढं होऊन पिशवी त्याच्या हातातून घेतली, आणि त्यानं ती घेऊ दिली. तो तिला काहीतरी म्हणाला, ते बाकी कुणाला ऐकू गेलं नाही.

बाबांनी चिठ्ठी उलटी केली. पेन्सिलीनं मागच्या बाजूला लिहिलं: डावीकडं ओढते. मग ती पुन्हा मशीनच्या दांडीला बांधू लागले.

“उद्या पट्टी बदलतो,” ते म्हणाले. “उद्या संध्याकाळी घरी घेऊन...”

पुढचं त्यांना बोलवेना. आयुष्यभर न चुकता म्हटलेले ते चार शब्द आले नाहीत. गाठही बसत नव्हती, दोरा सुटत होता.

आत्या दारापर्यंत गेली होती. ती वळली नाही. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून, पाठमोरीच, आवाज जरा खरखरीत काढून ती म्हणाली,

“प्रभूनं उशीर केला तर.”